तहानलेल्या बॅटरीचा सूड

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. अंगाने जड आणि मनाने त्याहून जड. भंगारवाल्याच्या आवारात, एका फुटक्या गीझरला टेकून मी तुमच्याशी बोलते आहे. झालं गेलं विसरून जावं, असं तुम्हाला शिकवतात. मला ते कुणी शिकवलं नाही.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या उभ्या केल्या, वरून आम्ल ओतलं, झाकणं लावली आणि मला जीव आला. तिथून माझ्यासारख्याच तीन बहिणींसोबत मी अंडी उबवण्याच्या एका केंद्रात आले. छपरावरचे सौर पॅनेल दिवसभर ऊन गोळा करायचे. आम्ही ते साठवायचो आणि वीज गेली की अंड्यांना ऊब पुरवायचो.

केंद्र दोघा भावंडांचं होतं. मला आणलं धाकट्या बहिणीने. तिच्या दादाला मी पहिल्या दिवसापासून नको होते. माझ्यासमोरच त्यांची जुंपली.

"ऊन काय धान्य आहे, कोठीत भरून ठेवायला?" दादा म्हणाला. "सूर्य मावळतो गं. अंडी मावळत नाहीत. चार दिवस ढग आले की ही तुझी बॅटरी मान टाकणार. त्यापेक्षा जनरेटर घेऊ. बटण दाबलं की सुरू."

"आणि डिझेल? मागच्या वादळात पूल बंद होता, तेव्हा मिळालं होतं भाड्याच्या जनरेटरला? पिल्लं कवचातच गेली, दादा. तो वास माझ्या नाकातून अजून जात नाही."

दादाने मान डोलावली. पण मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे.

पुढच्या वादळात तारा तुटल्या, तेव्हा आम्ही चौघींनी जीव ओतला. झाकोळलेल्या उन्हातून मिळेल तेवढं घेतलं आणि लागेल तेवढं दिलं. अंडी तडकली, ओली पिल्लं बाहेर आली. धाकटीने एक पिल्लू क्षणभर माझ्या पाठीवर ठेवलं आणि म्हणाली, "गुणाची गं माझी बाई!" मित्रांनो, एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

त्या कौतुकानेच घात केला. येणारे-जाणारे दादाला चिडवू लागले, "काय हो, बहिणीने ऊन कोठीत भरलंच की!" दादा हसायचा, पण ओठांनीच.

मग धाकटीच्या सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं आणि ती काही महिने सासरी निघाली. जाताना तिने बजावलं, "दादा, दर महिन्याला बॅटऱ्यांचं पाणी बघ. आणि हीटर, इस्त्री असलं काही यांच्यावर लावू नकोस."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? बघतो ना."

तिची गाडी वळणापलीकडे गेली आणि दादाने पाण्याचा कॅन माळ्यावर टाकला. मग स्वतःच्या खोलीतला हीटर आमच्यावर जोडला, वर इस्त्रीही. माझ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "बघू तुझा माज किती दिवस टिकतो."

मी तापले. पाणी आटत गेलं, पट्ट्या उघड्या पडल्या आणि पांढऱ्या पडू लागल्या. घसा कोरडा पडणं काय असतं, ते मला विचारा. त्याच दिवसांत मी ठरवलं, याला सोडायचं नाही. पण सूड घ्यायचा कसा? आत्ताच मान टाकली, तर आत उबणारी पिल्लं मरणार आणि जिंकणार तोच! म्हणून मी दात-ओठ खाऊन तग धरला.

अखेर धाकटी परतली, त्याच संध्याकाळी दादाने जनरेटरवाल्याला बोलावून ठेवलं होतं. तो टेम्पोत नवाकोरा जनरेटर घालूनच आला. उबवणी यंत्रात उद्या फुटायची अंडी होती.

"आता बघच, वीज गेल्यावर हिचं काय होतं," म्हणत दादाने मेन स्विच पाडला.

मी होतं नव्हतं ते सगळं लावलं. दिवे क्षणभर उजळले, मग पिवळे झाले, मग गेले.

"पाहिलंस? झालं तुझं ऊन!" दादा टाळी वाजवणारच होता. स्विच त्याने पुन्हा वर केला. पण वीज आलीच नाही. तेवढ्यात बाहेरची लाइनच गेली होती! दादा स्विच वरखाली करत राहिला.

"जनरेटर जोडा! आधी जोडा!" धाकटी ओरडली. जनरेटरवाल्याने वायरी ओढल्या, धूर निघाला, उबवणी यंत्र पुन्हा गरम झालं. अंडी वाचली. ती मी वाचवली नाहीत, एका डिझेलखाऊ धटिंगणाने वाचवली, हे मला आजही बोचतं.

मग धाकटीने टॉर्च घेतला आणि माझं झाकण उघडलं.

"पाणी कधी घातलंस?"

"परवाच."

"परवाचं पाणी असं उडालं? पट्ट्या वाळून पांढऱ्या पडल्यात, दादा."

"म्हणजे हिची सेवाच करत बसायचं? मग उपयोग काय हिचा?"

जनरेटरवाल्याला राहवलं नाही. "साहेब, ऑइल न घालता चालवलंत तर आमचंही मशीन जॅम होतं. सेवा सगळ्यांनाच लागते."

दादा बहिणीकडे बघू शकला नाही. "तू म्हणालीस ते खरं होतं," तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "म्हणूनच राग आला."

"ढगांचं तू म्हणालास, तेही खरं होतं," ती म्हणाली. "जनरेटर ठेवू. पण नव्या बॅटऱ्याही येतील आणि त्यांना पाणी तू घालशील. माझ्यासमोर."

तिने त्याला माफ केलं. मी नाही. दुसऱ्या दिवशी दादानेच मला पोटाशी धरून भंगाराच्या टेम्पोत ठेवलं. माझ्या अंगावरून झिरपलेलं आम्ल मी त्याच्या नव्या पँटला मनसोक्त पुसलं. कापड त्या दिवशी शहाण्यासारखं वागलं, एक डागही दाखवला नाही. धुतल्यावर मात्र त्याची चाळण झाली म्हणे. पुन्हा भंगार घालायला आलेला तोच टेम्पोवाला हसत हसत सांगत होता.

तेव्हा मित्रांनो, जे तुमच्यासाठी साठवतं, त्याची तहान ओळखा. ऊन फुकट मिळतं, ते सांभाळणारं पोट फुकट मिळत नाही. आणि माझी दया येऊन डोळे पुसू नका. उद्या मी भट्टीत वितळेन आणि माझ्या शिशाची पुन्हा एक बॅटरी होईल. दादाच्या घरी जायला मी तयार आहे. या वेळी तो पाणी विसरला, तर मात्र मी पिल्लं फुटेपर्यंत थांबेन आणि त्यानंतर त्याची इस्त्री अर्ध्या सदऱ्यावरच थंड करीन.