रडकी बरणी खरं सांगत होती

माझं कुणी ऐकलंच नाही. अंगातून पाणी गाळून सांगत होते, तरी नाही. उलट म्हणाले, हीच रडकी, हिच्यामुळेच पाऊस आला. आता तुम्ही ऐका, मधे बोलू नका.

मी मिठाची बरणी बोलतेय. चिनीमातीची, वर तपकिरी, खाली दुधाळ, ओठाला एक टवका. भट्टीतून निघाले तेव्हा टवका नव्हता. तो बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारात पडला, दुकानदाराने पाटीत आपटली म्हणून. सकवारबाईने तेवढ्यावरून त्याच्याशी अर्धा तास भांडून मला घरी आणलं. तेव्हाच मी ओळखलं, बाई आपल्यासारखीच आहे.

शिक्षण विचाराल तर चौथीपर्यंत. हेमलता, म्हणजे सकवारबाईची लेक, माझ्या फळीखाली बसून मोठ्याने धडे म्हणायची. ती पाचवीला गेली आणि माडीवर जाऊन वाचायला लागली. माझी शाळा सुटली.

पण एक विद्या मला भट्टीतूनच आली. हवेत ओल आली की माझ्या पोटातलं मीठ गहिवरतं. आधी चमच्याला चिकटतं, मग कडेने थेंब धरतं. आभाळात ढग नसतानासुद्धा. चैत्र-वैशाखातली आमच्या बेंगळुराची हवा तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी कोवळं ऊन, दुपारी तवा, चार वाजता कुठून तरी काळं येतं आणि आंबे झोडपून जातं. ते मला सकाळीच कळतं.

घरात आणखी एक शहाणा होता. सकवारबाईचे यजमान खंडोजी यांनी जुन्या बाजारातून पितळेचं एक यंत्र आणलं, हवेचं घड्याळ म्हणे. तबकडीवर इंग्रजी अक्षरं, फेअर, रेन, स्टॉर्म, म्हणजे उघडीप, पाऊस, वादळ. खंडोजी त्याला ‘साहेब’ म्हणायचे. आणलं त्या दिवसापासून काटा स्टॉर्मवर आडवा. चार दिवस घरची सगळी माणसं रणरणत्या उन्हात छत्र्या घेऊन हिंडली, गल्ली हसून हसून लोळली. शेवटी घड्याळजीकडून मागचा स्क्रू फिरवून घेतला आणि साहेब फेअरवर आला.

छप्पन साली हेमलताचं लग्न ठरलं. विहीणबाई गोजराबाई म्हणाल्या, “आम्हाला बाकी काही नको. रुखवतात मात्र घरच्या हातचे संडिगे हवेत. परातभर. बाजारचे आणलेत तर मला चव कळते हो!” संडिगे म्हणजे तांदळाच्या पिठाची मिरची-जिरं घातलेली घट्ट पेज, चमच्याने कापडावर घालून कडक वाळवायची. लग्न दहा दिवसांवर, आणि शहरात रोज संध्याकाळी सरी.

सकवारबाईचं माहेर नंदीच्या डोंगराखाली. ती म्हणाली, “खोऱ्यात धुकं बसतं, पण वर डोंगराच्या खांद्यावर खडक आहे. एका दिवसात खडखडीत वाळतं.” झालं! दोन हंडे, तांदळाचं पीठ, चार धोतरं, साहेब आणि मी. मी का? माझ्यातल्या मिठाशिवाय तिच्या हाताला अंदाजच लागायचा नाही.

पहाटे माहेरी पेज शिजवून वर चढलो. अहाहा! खाली खोरं दुधाच्या पातेल्यासारखं भरलेलं, वर निळं आभाळ, वारा असा की सकवारबाईचा अंबाडा सुटला. खंडोजींनी साहेबाकडे पाहिलं आणि ओरडले, “स्टॉर्म! अगं, काटा पार खाली लोळलाय. चला परत!”

“आणि ही पेज काय दरीत ओतू?” सकवारबाई म्हणाली. “दुपारी आंबेल. पुन्हा दळायचं कधी, शिजवायचं कधी?”

“साहेब खोटं बोलत नाही.”

“इंग्रज गेले, साहेब राहिला!” खंडोजींची थोरली बहीण जमनाबाई म्हणाली. तिला सगळे जमनाक्का म्हणायचे. “स्वल्प थांब रे, तोंड धुऊन ये. तोवर काटाही शुद्धीवर येईल.”

खंडोजी झऱ्यावर गेले. हेमलता आणि जमनाक्का धोतरं भिजवत होत्या. माझ्यासमोर, अगदी हातभर अंतरावर, एका हाताने साहेबाची पाठ उघडली आणि स्क्रू फिरवला. कुणाच्या, ते मी पाहिलं. पण त्या हातचं मीठ माझ्या पोटात होतं. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढं बरणीलाही कळतं.

खंडोजी परतले. “फेअर! बघा, शांत झाला साहेब!”

तेवढ्यात माझं पोट गहिवरलं. हेमलताने चमचा घातला. “आई, मीठ बघ गं, पाणी सुटलंय.”

“तूच ओला हात घातला असशील.”

“नाही गं! अण्णा, तुम्ही तरी बघा.”

“सरी, सरी, ठीक आहे,” खंडोजी म्हणाले. “मीठ रडतं म्हणून काय साहेबाला खोटं पाडू? घाला संडिगे!”

घातले. पांढरे शुभ्र, मोगऱ्यासारखे, अख्खा खडक फुलला. तीनपर्यंत वरून कातडी धरली. मग नंदीच्या डोक्यावर एक ढग येऊन बसला, टोपीएवढा. बघता बघता घोंगडी. वारा खोऱ्यातून वर उसळला आणि गारा सुरू! लिंबाएवढ्या! पळापळ काय विचारता! खंडोजी साहेबाला पोटाशी धरून हंड्यामागे लपले. सकवारबाई धोतराचं एक टोक ओढतेय, वारा दुसरं. हेमलता नवरीमुलगी, गारा तोंडात टाकत खिदळतेय. आणि जमनाक्का? पदर पसरून कोंबडी अंड्यांवर बसते तशी संडिग्यांवर ओणवी झाली. पाठीवर गारा तडातड, तोंडाने शिव्या त्याहून जोरात. मी हसले असते, पण झाकण उडालं असतं.

वाचले ते परातभरही नाहीत, सूपभर. बाकीचे पुन्हा पेज झाले.

“ह्या रडक्या बरणीनंच पाऊस ओढला,” सकवारबाई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. घरी गेल्यावर माझ्यातलं मीठ काढलं, शिकेकाई भरली आणि मला न्हाणीघराच्या कोनाड्यात बसवलं. नऊ वर्षं! मिठाच्या बरणीला शिकेकाई!

रुखवतात ते सूप मांडलं. वाचलेल्या संडिग्यांवरही कडेने लागलेल्या गारांचे खळगे. सकवारबाईच्या तोंडचं पाणी पळालं. गोजराबाईंनी एक उचलला. “ही नक्षी कशाने पाडलीत?”

“आकाशातून साचा मागवला होता,” जमनाक्का म्हणाली.

गोजराबाईंनी तळून खाल्ला, कुर्रकन वाजला आणि म्हणाल्या, “थोडे आहेत, पण असे मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत!” लग्न लागलं.

पासष्ट साली जावई विश्वासराव उन्हाळ्यात आले. शाळेत विज्ञान शिकवतात. डोंगरावरची हकिगत ऐकून, साहेब हातात घेऊन म्हणाले, “हे यंत्र समुद्राकाठचं. जितकं उंच न्याल तितका काटा खाली पडणार. डोंगरावर त्याने स्टॉर्मच दाखवायला हवं. तुम्हाला फेअर कसं दिसलं?”

“मी हात लावला नव्हता,” खंडोजी म्हणाले. “देवाशप्पथ!”

विश्वासरावांनी पाठ उघडली. स्क्रूच्या खाचेत अंबाड्याच्या आकड्याचं मोडकं टोक अडकलेलं. हेमलताच्या वेणीला तेव्हा रिबिनी होत्या, जमनाक्का आकडे घालत नाही, नुसती गाठ मारते. सगळे एकाच बाईकडे बघायला लागले.

ती उठली, सरळ न्हाणीघरात आली. शिकेकाई ओतली, मला राखेने घासलं, उन्हात वाळवलं, मीठ भरलं आणि स्वयंपाकघराच्या मधल्या फळीवर ठेवलं. टवक्यावरून अंगठा फिरवत पुटपुटली, “तू पाहिलं होतंस ना गं?”

पाहिलं होतं, बाई. बोलले नाही.

तर वाचणाऱ्यांनो, मीठ चमच्याला चिकटलं की वाळवण आत घ्या. यंत्राला मागून फिरवता येतं, मिठाला नाही.

बाहेर जमनाक्का भावाला सोडत नव्हती. “नुसतं हसून भागायचं नाही. रुखवत बुडवणाऱ्याचं नाव घे, उखाण्यात घे!” खंडोजी लाजले, खाकरले, छाती काढून उभे राहिले:

“नंदीच्या खांद्यावर गारांची घाई,
काटा फिरवणारी आमची सकवारबाई!”