उपाशी गादी

जांभळी आणि सावखेडा ही दोन गावं गोदावरीवरच्या नाथसागर धरणाच्या फुगवट्याला समोरासमोर बसलीत. मधे नुसतं पाणी. जांभळीत कुणाच्या दारी मांडव पडला की सावखेड्याच्या बाया काठावरूनच सांगतात, मांडवाला जांभळाचा डहाळा आहे की आंब्याचा. पण रस्त्यानं जायचं म्हटलं तर अख्ख्या फुगवट्याला वळसा. दिसतं जवळ, पडतं लांब. म्हणून तर पुंजारामची नाव. शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, हिवाळ्यात पक्षी बघायला येणारे शहरातले कॅमेरेवाले, सगळे त्याच नावेत.

त्या नावेत आता नवरी बसणार होती.

राजनंदिनी म्हणजे पुंजारामच्या लेकीची, सोनियाची बालमैत्रीण. सासर मिळालं ते नेमकं सावखेड्यात. लग्न ठरलं त्याच दिवशी ती धावत आली आणि सोनियाचे दोन्ही हात धरून म्हणाली, "सोने, मी गाडीत नाय बसणार. पाण्यावरून जाणार. अन् नाव तू चालवायची!"

सोनियाच्या काळजात लाटच उसळली. तेवीस वर्षांची पोरगी, इंजिनाच्या आवाजावरून त्याच्या पोटात काय दुखतंय ते सांगायची. पण नावेची चावी अजून बापाच्या बंडीच्या खिशात. पुंजारामचे गुडघे थकले होते. नाव पुतण्याला, सावखेड्याच्या शिवराजला द्यावी, असं त्याच्या मनात घोळत होतं.

"नवरी नेणं म्हणजे किटल्या नेणं नाय," पुंजाराम म्हणाला. "गाद्या बघ आपल्या. कुठं खिळा वर, कुठं फोम बाहेर. पाणी तर असं धरतात की बसणारा उठला की ठिपकत जातो."

"गाद्या मी नव्या करते, आबा."

पुंजारामनं चावी खिशातून काढली, तिची लाल दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "ऐक मग. नवरीचा शालू पलीकडं कोरडा उतरला, तर ही चावी तुझी. ओला झाला, तर शिवराजची. पुन्हा रडायचं नाय."

"व्हय," सोनिया म्हणाली, आणि लगेच मोटारसायकलला जुनी गादी बांधून शहरातल्या छावणीची वाट धरली.

छावणीच्या बाजारात करीमचाचाचं कुशनचं दुकान. रिक्षा, जीप, लग्नाचा सोफा, ज्यावर ज्यावर बूड टेकायचं ते सगळं तिथं येऊन नवं होई. सोनिया पोचली तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नसराई! जिपांच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या. चाचांची लेक मुनिरा मशिनीवर बसून पाय असा मारत होती की जणू शर्यतीत धावतेय.

"रविवारच्या लग्नाला? बेटा, नामुमकिन," चाचा म्हणाले. "माझ्या स्वतःच्या भाच्याचा सोफा राहिलाय. आपा, त्याची आई, रोज फोनवर शिव्या देते."

सोनियाचं तोंड एवढंसं झालं. चाचांना ते बघवलं नाही. त्यांनी गादी उलटी केली, सडलेली फळी खरवडली. "घरी करशील? कर. पण नावेची गादी अन् रिक्षाची गादी एक नाय. वरच्या अंगाला सुई लावायची नाय. जोड सगळे खाली. अन् फळीला भोकं पाड. पाणी काय, कुठून ना कुठून आत येतंच. त्याला बाहेर जायला वाट दे, नाहीतर गादी सडली समज."

मुनिरानं मशीन न थांबवताच विचारलं, "रंग कोणता घेणार?"

"हिरवा."

"शालू?"

"लाल!"

"मग तर बहार," मुनिरा म्हणाली, आणि गठ्ठ्यातून पोपटी हिरव्या रेक्झिनचा तुकडा ओढून तिच्या खांद्यावर टाकला.

घरी आल्यावर आई, दगडाबाई, पदर खोचून तयारच होती. गोधडी शिवावी तर दगडाबाईनं, असं दोन्ही काठांवर बोललं जाई. "कारागिराकडं जायची गरजच काय होती?" ती फणकारली. "माझे हात काय कारागिराचे नाय?"

"हायत, आई. पण वरून टाका घालायचा नाय."

"वरून टाका नाय? मग त्या गादीला गादी म्हणायचं कशाला?"

तरी बसली. ओसरीवर मायलेकी समोरासमोर, मधे हिरवं रेक्झिन पसरलेलं. सोनियानं फळीला भोकं पाडली, अंगठा जाईल एवढी. फोम कापला. दगडाबाईनं दात ओठ खाऊन एकेक जोड खालच्या अंगाला घेतला. वरच्या कोऱ्या अंगावर टाका घालायला तिचे हात असे शिवशिवत की मधेच ती सुई पदराला टोचून ठेवी आणि गाण्यावर भागवी:

"गंगेच्या गं पाण्यावरी
नाव माझ्या लेकीची
गादी हिरव्या रंगाची
वर नवरी सखीची"

शेवटचा जोड घालायच्या आधी ती उठली, चुलीपाशी गेली आणि भाकरीचे तुकडे घेऊन आली. प्रत्येक गादीच्या पोटात एकेक सरकवला.

"आई! हे काय?"

"गोधडीच्या पोटात घालतो की नाय घास? पोट भरलेलं असलं की ऊब देती. उपाशी गादीवर नवरी बसवायची व्हय?"

सोनियाला हसू आलं. तुझ्या पाळण्यातल्या गोधडीतही होता, म्हणाली आई. सोनियानंच जोड बंद केला. दोन गाद्या झाल्या, पुढची लांब नवरा-नवरीची, मागची आखूड आबांची. अशा टुमटुमीत की पुंजारामनंही येता-जाता दोनदा हात दाबून बघितला. घरात पाहुण्यांची गर्दी, म्हणून शनिवारी दिवस मावळायच्या आत गाद्या नावेत बसवल्या आणि वर ताडपत्री ओढली.

रविवारी उजाडताच सोनिया राजनंदिनीला लावलेल्या हळदीच्याच हातानं काठावर गेली. ताडपत्री दूर केली.

पुढच्या गादीच्या मधोमध भगदाड. त्यातून पिवळा फोम बाहेर सांडलेला, जणू कुणी भुईमूग फोलून टाकलाय. मागच्या गादीचा कोपरा गायब. भगदाडातून एक उंदीर निवांत वर आला, मिशा पुसल्या आणि सोनियाकडं असं बघितलं की हिला इथं कुणी बोलावलं!

दगडाबाई धापा टाकत आली. गादी उलटी केली. चाचांच्या भोकांमधून उंदीर आत शिरले होते आणि तिच्या भाकरीचा माग काढत वरपर्यंत पोचले होते.

"तुझ्या त्या करीमनं भोकं पाडायला सांगितली!" दगडाबाई कडाडली.

"अन् जेवायला कुणी घातलं?" मागून पुंजाराम म्हणाला.

दगडाबाई खाली बसून सांडलेला फोम पदरात गोळा करायला लागली. बापानं खिशाला हात लावला. चावी वाजली. तो आवाज सोनियाच्या पाठीत गेला.

"मुहूर्त दुपारचा," ती म्हणाली. "पाठवणी दिवस कलल्यावर. आबा, गाडीची किल्ली द्या."

"अगं, मैत्रिणीचं लग्न लागेल अन् तू—"

"नवरी ओली उतरवू का मग?"

लांब गादी पाठीमागं आडवी बांधली, दोन्ही बाजूंना पंखासारखी बाहेर आलेली. रस्त्यानं निघाली तर समोरचे ट्रकवाले वाट देऊन बघायचे. मागची गादी तशीच राहिली. "माझं राहू दे," पुंजाराम म्हणाला होता. "मला काय शालू नेसायचाय?"

छावणीत चाचांनी गादी उलटी धरली, हलवली. भोकातून भाकरीचा चतकोर टपकन काउंटरवर पडला. चाचांनी तो उचलला, उजेडात धरला.

"बेटा, ही गादी आहे का जेवणाचा डबा?"

सोनियानं मान खाली घालून सगळं सांगितलं. चाचा आधी गंभीर राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हमने खिडकी दी, तुम्हारी अम्मी ने दावत! वा! मुनिरा, सोडून दे तो सोफा. आपाच्या शिव्या उद्या खाऊ."

मग काय विचारता! चाचांनी जुनं रेक्झिन फाडलं, मुनिरानं नवं बेतलं. सोनियानं फळीची भोकं मोकळी ठेवून खालून तारेची बारीक जाळी ठोकली, म्हणजे पाणी जाईल, मिशीवाला येणार नाही. मशीन घरघरत होती, कात्री खचाखच चालली होती, आणि घड्याळ तर सगळ्यांच्या पुढं पळत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. दगडाबाई मांडवातून ओरडत होती, "सोने, ऐक! लग्न लागतंय! मी फोन वर धरलाय!"

मुनिरानं पाय थांबवला. दुकानात एकदम शांतता. आणि फोनमधून, गर्दीच्या गलक्यातून, मंगलाष्टकांचा सूर आला, तुटक, खरखरीत, पण आला. पलीकडं राजनंदिनी अंतरपाटाआड उभी होती आणि इकडं सोनिया हातात हातोडी घेऊन.

"सावधान" ऐकू आलं तशी चाचांनी उंदरांनी कुरतडलेल्या फोमचा चुरा मूठभर उचलला आणि फोनवर उधळला. मुनिरानंही उधळला. पिवळा चुरा सोनियाच्या केसांत, मशिनीवर, जिपांच्या गाद्यांवर. बाहेर रिक्षात बसलेला माणूस डोकावून म्हणाला, "कुणाचं लग्न आहे?"

"आमच्या गादीचं!" चाचा म्हणाले. "चल मुनिरा, मार पाय!"

दिवस कलला. काठावर अख्खी जांभळी लोटली होती. लाल शालूतली राजनंदिनी रडून रडून नाक लाल करून उभी, शेजारी नवरा सार्थक, फेटा सावरत. आणि धुरळा उडवत मोटारसायकल उताराला लागली.

"आली! गादी आली!" बायका ओरडल्या. नवरी रडायची थांबून हसायला लागली.

गादी जागेवर बसली. लाल शालू हिरव्या गादीवर टेकला, आणि मुनिराची बहार सगळ्यांनी पाहिली. पाठराखीण म्हणून दगडाबाई चढली, काखेत फडक्याची पुरचुंडी. पुंजाराम मागं आपल्या कुरतडलेल्या गादीवर बसला, चावी सोनियाच्या हाती देत म्हणाला, "पलीकडं पोचेपर्यंत उसनी."

इंजिन धडधडलं. काठ सुटला. वाजंत्री मागं राहिली आणि पुढं सावखेड्याची वाजंत्री ऐकू येऊ लागली. मधल्या पाण्यावर दोन्ही सूर एकमेकांत मिसळले. पण तिथंच, भर मध्यावर, वारा उठला. एक लाट तिरपी आली.

"धरून बसा!" सोनियानं नावेचं नाक लाटेकडं वळवलं, तरी पाण्याचा सपका आत आलाच. राजनंदिनीनं किंचाळून शालूचा घोळ छातीशी गोळा केला. पाणी गादीवर आपटलं, हिरव्या अंगावरून मोत्यासारखं घरंगळलं, कडेनं खाली उतरलं आणि नावेच्या तळाशी गेलं. राजनंदिनीनं हात फिरवला. "सोने! कोरडी आहे गं!"

मागं पुंजाराम मात्र आपल्या गादीवर जरा सरकून बसला.

वारा पडला तशी दगडाबाईनं नवरीपुढं पुरचुंडी सोडली. भाकरी, पिठलं, ठेचा. "सकाळधरनं काही खाल्लं नसशील. घे."

"मावशी, आता? नव्या गादीवर सांडेल."

"सांडू दे. गादीच्या पोटात घास घातला तर उंदीर आले. आता गादीवर बसणारीच्या पोटात घालते. मला वाटतं चालत असेल," दगडाबाई म्हणाली आणि सोनियाकडं चोरटी नजर टाकली.

"चालतंय आई! लई चालतंय!"

नवरीनं मोठा घास घेतला. सार्थकनं फेट्याचा मान विसरून आपलाही हात पुढं केला. ठेच्यानं दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि सावखेड्याचा काठ आला तेव्हा तिथल्या बायकांना वाटलं, नवरदेव किती हळवा, बायकोबरोबर रडतोय!

काठावर शिवराज उभा होता. सोनियानं दोर फेकला. "धर, शिवराजदादा!" त्यानं अचूक झेलला.

राजनंदिनी उतरली. बायकांनी शालूचा काठ हातात घेऊन पाहिला, उलटा, सुलटा. टिपूस नाही. दगडाबाईच्या ओठांवर ओवी आधीच तयार होती:

"शालू कोरडा नवरीचा
लाट आली अन् गेली गं
नाव हाकते लेक माझी
बापाची खोड मोडली गं"

सगळ्यांच्या नजरा मागं वळल्या. पुंजाराम उठत होता. कुरतडलेल्या फोमनं अख्खी लाट पोटात घेतली होती आणि आता ती त्याच्या धोतरातून धारेनं परत येत होती.

"काका," शिवराज ओठ दाबून म्हणाला, "तुमचा शालू ओला झाला."

काठावर जो हशा पिकला तो जांभळीपर्यंत गेला असेल. पुंजाराम ठिपकत ठिपकत सोनियापाशी आला. तिनं चावी पुढं केली. उसनी होती ना. त्यानं तिची मूठ दोन्ही हातांनी मिटवली, लाल दोरी मनगटाभोवती गुंडाळून गाठ मारली.

"उद्या," तो म्हणाला, "माझी गादी पण घेऊन जा छावणीला."

मग गुडघे धरत नावेत चढला आणि आपली जागा सोडून सरळ पुढच्या हिरव्या गादीवर टेकायला लागला.

"अवो, धोतर!" दगडाबाई ओरडली. "नवरीची जागा ती, ओली कराल!"

"पाणी खाली जातंय की," पुंजाराम ऐसपैस बसत म्हणाला. "भोकं कशाला पाडलीत? चल गं सोने, सोड नाव."