एक मिनिट, सलग

पासपोर्ट फोटो काढता काढता माझी सहा वर्षं गेली. "हनुवटी खाली, खांदे सैल, हलू नका," हे मी झोपेतही म्हणते, असं नवरा सांगतो. शिवाय प्रत्येक फोटोला मी बटण दोनदा दाबते. एकदा माझ्यासाठी, दुसऱ्यांदा ज्यांनी डोळे मिटले त्यांच्यासाठी.

गेल्या सोमवारी स्टुडिओच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, बॉम्ब टाकला. "पोहण्याच्या शाळेचं काम आलंय. त्यांना सगळं व्हिडिओवर हवंय. शनिवारपर्यंत एक मिनिटाचं सलग शूटिंग आणून दाखव. तुकडे नकोत. नाही जमलं तर मला व्हिडिओवालं माणूस घ्यावं लागेल, आणि दोघांना पुरेल एवढं काम आपल्याकडे नाही, हे तुलाही ठाऊक आहे."

"जमेल की!" मी हसून म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन पाणी प्यायले. दोन ग्लास.

दिवसा घरी प्रयोगाला दोनच माणसं. सासूबाई आणि माझी तेरा महिन्यांची लेक, टिकली. टिकली अजून चालत नव्हती. डॉक्टर तीनदा म्हणाले होते, घाई नाही. मी चौथ्यांदा विचारायच्या बेतात होते. तोवर टेबलांच्या सगळ्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवून ठेवला होता. आमचं फर्निचर खोक्यातून कालच काढल्यासारखं दिसतं.

सासूबाई झारीने कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी कॅमेरा रोखला. "आई, हलू नका!"

त्या जागच्या जागी गोठल्या. चेहरा हसरा, झारी तिरकी, कुंडी भरून पाणी फरशीवर.

"अगं, किती वेळ?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"आई, यात हलायचं असतं!"

"मग हलू नका कशाला म्हणतेस?"

शुक्रवारपर्यंत त्रेचाळीस व्हिडिओ जमले. प्रत्येक एका सेकंदाचा. बटण एकदा दाबलं की शूटिंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि माझं बोट आपलं डोळे मिटणाऱ्यांची सोय बघत बसलेलं. नवऱ्याने सगळे ओळीने पाहिले. "आईला उचकी लागलीये का?" मी त्याला उशी फेकून मारली.

शनिवारी सकाळी निघायला अर्धा तास होता. शेवटचा प्रयत्न. सासूबाई झारी घेऊन उभ्या, टिकली खुर्ची धरून. मी कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला, आणि टिकलीने खुर्ची सोडली.

एक पाऊल. मग दुसरं!

माझं बोट बटणावर आपटत सुटलं. कितीदा दाबलं, देव जाणे. "हलू नको!" मी किंचाळले. "टिकले, हलू नको!" ऐकलं फक्त सासूबाईंनी. त्या झारीसकट पुतळा झाल्या. टिकली खिदळत निघाली ती थेट झारीच्या धारेखाली. डबक्यात फतकल मारलं, उठली, पुन्हा चालू पडली. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर मागे मागे सरकत होते. "पाणी! अगं, घसरशील! कोपरा, कोपरा!" मी हसत होते की रडत होते, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

कॅमेऱ्यात एक सेकंद आला असणार, याची मात्र खात्री होती.

स्टुडिओत काकांनी कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. त्रेचाळीस उचक्या गंभीर चेहऱ्याने बघितल्या. चव्वेचाळिसावीही. मग पंचेचाळिसावा व्हिडिओ सुरू झाला आणि थांबेचना. मी बटण तीनदा दाबलं होतं! सुरू, बंद, सुरू. टिकली उभी म्हणून सवयीने मी कॅमेराही उभा धरलेला, त्यामुळे ती पडद्यावर भिंत चढल्यासारखी चालत होती. काकांनी मान आडवी केली. मीही केली. कोपऱ्यात सासूबाई निश्चल, आणि वरून माझा आवाज, "हलू नको!"

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "एक मिनिट बारा सेकंद. सलग. काम तुझं. फक्त कॅमेरा आडवा धर, आणि तोंडाला कुलूप घाल. नाहीतर पोरं पाण्यात पोहायची थांबतील."

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. "आई, जमलं!"

"मला माहीतच होतं," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "आता येताना स्पंज आण, भरपूर आण. ही स्वयंपाकघरात पोचलीये. आणि अगं, मी मघापासून हलू नको, हलू नको म्हणतेय, पण माझंही कुठे ऐकतेय!"