बुधवारची पहिली चौकट

हिरव्या तुकड्याची एक कड उसवली होती. पुठ्ठ्याचा नखाएवढा तुकडा, मागून टाचणी; बुधवार, पहिली चौकट, सकाळची प्रार्थना. शिक्षकांच्या खोलीतल्या भल्यामोठ्या फळ्यावर आठवडाभराचे असे अडीचशे तुकडे त्याने स्वतः कापून टोचलेले – इतिहासाच्या बाई जांभळ्या, व्यायामाचे सर लाल, आणि गणित, म्हणजे तो स्वतः, हिरवा – पण नजर पुन्हा पुन्हा त्या एकावरच जाऊन बसत होती. काढावा का? बोटं टाचणीपर्यंत गेली... आणि तिथेच थांबली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अकरा वर्षांपूर्वी प्रार्थना घेणाऱ्या बाई आजारी पडल्या, बुधवारची चौकट रिकामी राहिली, आणि वेळापत्रक करणाऱ्याला रिकामी चौकट म्हणजे दाढेत अडकलेला कण, जीभ तिथेच जात राहते. म्हणून त्याने आपला एक तुकडा तिथे टोचून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाई बऱ्या झाल्या, पुढे निवृत्तही झाल्या, तुकडा मात्र राहिला, कारण – आता हे कुणाला सांगायचं – कारण त्याला ते आवडायला लागलं होतं. सहाशे मुलं डोळे मिटून उभी, नाकं ओढल्याचे आवाज, कुणाचं तरी दाबलेलं हसू, आणि मग एकदम ती शांतता... त्या शांततेत देव असतो असं त्याला वाटायचं. अजून वाटतं. पंचाईत तीच आहे.

मुलं त्याला दशांश म्हणतात, कारण तो पाव-पाव गुण कापतो. मुलांना वाटतं, त्याला माहीत नाही.

सकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं, तेव्हा पुढच्या वर्षीच्या तासिकांचं असेल असं वाटून तो फूटपट्टी हातात घेऊनच गेला होता. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका; वयाने त्याच्याएवढ्याच, पण बाई मोठ्या. टेबलावर त्याने पंधरवड्यापूर्वी भरून दिलेला माहितीचा कागद होता, आणि शेजारी तोच कागद, कोरा.

"बसा ना सर," त्या म्हणाल्या. "एकच शब्द आहे. इथे 'मित्र' लिहा, सही करा, जुना मी फाडून टाकते. विश्वस्तांसमोर विषयच जायचा नाही."

अडीअडचणीला कुणाला कळवावे : नाव, फोन, नाते. सोळा वर्षं तो त्या रकान्यात बहिणीचं नाव लिहीत आला होता. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात खडू हातात असतानाच त्याला भोवळ आली, शाळेने कागद काढला, बहिणीला फोन केला – ती चारशे किलोमीटरवर, फोनवरच रडायला लागली – आणि ज्याला कळायला हवं होतं तो दोन गल्ल्या पलीकडे एका इमारतीत लिफ्टची तार बदलत होता. दुपारी डबा खाल्ला त्याने. शिट्टी वाजवत घरी आला. दारात प्लास्टर लावलेलं कपाळ बघून त्याने आधी हात धुतले, काळं ग्रीस जाईपर्यंत धूत राहिला, मग म्हणाला, "मी दोन गल्ल्या पलीकडे होतो रे." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणून यंदा बहिणीचं नाव गेलं, त्याचं आलं, आणि नात्याच्या रकान्यात, फळ्यावर प्रमेय लिहावं तशा ठळक अक्षरात, जोडीदार.

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर पुढच्या वर्षापासून..." मोठ्या बाईंनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. "संस्था धर्माची आहे, सर. आईवडील मुलं पाठवतात ते आपल्या श्रद्धेकडे बघून. आमच्या घरात कुणी असावं, कुणी नसावं, हे सरकारने सांगायचं का आम्हाला? मला हे आवडतंय असं नाही हं. तुम्हाला मी भावासारखं मानते."

भावासारखं! तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ते 'आमच्या' – आधी 'आपल्या श्रद्धेकडे', आणि दुसऱ्याच वाक्यात 'आमच्या घरात'. एका श्वासात त्याला उंबऱ्याबाहेर काढलं बाईंनी, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. चोवीस वर्षांचा असल्यापासून या घराचे बाक मी मोजलेत, मुलांना पाठ होईना म्हणून प्रार्थनेला सोपी चाल मी लावली... आणि तरी बाईंचं अर्धं म्हणणं त्याला पटत होतं, याचाच सगळ्यात जास्त संताप येत होता. उद्या सरकारी माणूस येऊन प्रार्थना अशी नको, तशी म्हणा, असं सांगू लागला, तर पहिला भांडायला तोच उठला असता. आपलेच दात, आपलेच ओठ. बोंबलायचं कुणाच्या नावाने?

"शेवटच्या घंटेपर्यंत सांगा," बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत सायकलींच्या मागे उभं राहून त्याने ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज खणखणीत. "गणित शिकवता ना? मग केस आहे! धर्म शिकवणाऱ्याला संस्था काढू शकते, तिथे कायदा हात घालत नाही. पण बेरीज-वजाबाकीला कसला आलाय धर्म? तुम्ही प्रार्थनाबिर्थना घेत नाही ना?"

"बुधवारी घेतो."

"कुणी नेमलं?"

"मीच."

"अरे देवा," वकीलबाई म्हणाल्या, आणि मग, "बरं, असं करू. प्रतिज्ञापत्रात लिहू, की वेळापत्रकात जागा रिकामी होती, ती तुम्ही भरली. यांत्रिक काम. श्रद्धेचा काही संबंध नाही. चालेल?"

चालेल! म्हणजे इकडे लिहायचं की तो माणूस माझा कुणी नाही, आणि तिकडे लिहायचं की देव माझा कुणी नाही. जे खरं आहे तेवढंच नेमकं खोडायचं, मग नोकरी शाबूत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर दोन्हीकडची माणसं त्याच्या भल्याचंच बोलताहेत!

घरचाही फोन येऊन गेला. मागे लिफ्टचा खडखडाट. "लिही ना 'मित्र'," तो म्हणाला होता. "मला काय फरक पडतो? मी कुठे तुमची शाळा तपासायला येतोय?" खोटारडा. पडतो फरक. दोन गल्ल्या पलीकडे होतो रे म्हणणारा माणूस तू, तुला फरक पडत नाही होय?... आणि मी तरी कोण हरिश्चंद्र. पेपरवाल्याला मित्र, डॉक्टरला मित्र, शेजारच्या काकूंना भाडेकरू. सोळा वर्षं कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझा मीच टोचत होतो तुकडे, सोयीच्या चौकटीत.

शेवटचा तास मोकळा होता. तो त्यानेच वर्षाच्या सुरुवातीला स्वतःसाठी मोकळा ठेवलेला. बोटं अजून टाचणीवर. काढला तर एक क्षणाचं काम. उद्या कुणी विचारलं तर – पडला असेल, कड उसवली होती.

मोठ्या बाई आत आल्या. हातात कोरा कागद, टोपण काढलेलं पेन. फळ्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "सर, काहीही ठरलं तरी... पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तेवढं लावून द्याल ना? तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही हो ते."

त्याला हसू फुटलं. खरंखुरं, पोटातून. बाई दचकल्या. त्याने खणातून डिंकाची बाटली काढली, तुकड्याची उसवलेली कड चिकटवली, फुंकर घातली, आणि टाचणी अंगठ्याने अशी दाबली की अंगठ्यात कळ आली.

"उद्या बुधवार," तो म्हणाला. "प्रार्थना माझी आहे."

"हो, पण सर, कागद..."

अकरा वर्षं. दर बुधवारी, मुलांनी डोळे मिटले की, त्या शांततेत तो एकच गोष्ट मागत आला होता, आणि ती काय हे त्याने घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. माफी. घरी शिट्टी वाजवत येणाऱ्या, ग्रीस धुणाऱ्या एका माणसाबद्दल... मी माफी मागत होतो! त्या माणसाबद्दल, इतकी वर्षं, सहाशे मुलांच्या समोर उभं राहून! राग पुन्हा वर आला, पण आता तो बाईंच्या अंगावर गेला नाही, वकीलबाईंच्याही नाही. तो आतच ताठ उभा राहिला.

घंटा झाली. जिन्यावरून मुलांचे पाय धडधडत खाली निघाले. बाईंनी पेन पुढे केलेलंच होतं. त्याने पेनाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. काय लिहायचं, लिहायचं की नाही, काहीच ठरलं नव्हतं. ठरलं होतं ते एवढंच, की उद्या माफी मागायची नाही.