जनीसारखं

"ही माझ्यासारखी हाय," जनी म्हणाली आणि तिनं टेबलावरच्या चित्रावर बोट ठेवलं.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं मधेच थांबलं. चित्रात एक लहान मुलगी होती, गोल चेहऱ्याची, तिरप्या बारीक डोळ्यांची, दोन वेण्या घातलेली. पोटातल्या बाळाला कोणता दोष असू शकतो ते समजावून सांगायला त्यांनी चित्र पुढे सरकवलं होतं. जनी इतका वेळ आईच्या पाठीमागे उभी होती, त्यामुळे तिचा चेहरा त्यांना आत्ता पहिल्यांदा नीट दिसला.

"हो, तुझ्यासारखीच आहे," त्या म्हणाल्या आणि चित्र हळूच पालथं घातलं. जनीनं ते परत सुलटं केलं.

एरवी बंदरावर एखाद्यानं पापलेटाचा भाव पाडून मागितला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई म्हणजे जनीची आई आवडाबाई. मिरकरवाड्यात लग्न होऊन आली तेव्हापासून मासे विकत आलेली. पण पांढऱ्या कोटासमोर तिची जीभ टाळूला चिकटायची. तिनं जनीला मागे ओढलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सुनेकडे पाहिलं.

मनिषा सदतीस वर्षांची. आधीची दोन पोटातच गेली होती. हे तिसरं टिकलं, तर रक्ताच्या तपासणीत त्या दोषाचा धोका जास्त आला. खात्री करायची तर पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं आणि मुंबईला पाठवायचं. ती सुई घालणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच कोल्हापूरहून रत्नागिरीला यायचे, आणि ते आज आले होते.

"सुई बाळाला लागणार नाही ना?" मनिषानं विचारलं.

"सोनोग्राफीवर बघत बघतच घालतात. पाण्याची मोकळी जागा बघून. तुम्हाला टोचेल, थोडं आतून ओढल्यासारखं वाटेल. शंभरात एखादीचाही नाही, पण कधीतरी यामुळे गर्भ पडतो. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही."

"आणि रिपोर्ट वाईट आला तर?"

"मग पुढचं तुम्ही ठरवायचं. कायद्यानं तेवढा वेळ मिळतो. काही जण ठेवतात, काही जण नाही ठेवत. आणि आत्ता सुई नको म्हणालात, तरी कोणी तुम्हाला रागावणार नाही."

वाईट. वाईट म्हणजे काय, तर जनी. सत्तावीस वर्षांची आवडाबाईची लेक, जी आत्ता मागे उभी राहून चित्रातल्या मुलीच्या वेण्यांना हात लावत होती. तिला कोणाकडे ठेवून यायची सोय नव्हती, म्हणून बरोबर आणली होती. नसती आणली तर बरं झालं असतं.

पण खरी धास्ती निराळीच होती. आपल्यामागे जनी मनिषाकडे जाणार, हे घरात कोणी कधी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. दर रविवारी जनीला न्हाऊ घालायची ती मनिषाच. आता रिपोर्ट तसा आला आणि मनिषा नको म्हणाली, तर तिच्यासमोर जनीला जेवायला वाढायचं कसं? आणि हो म्हणाली, तर एका घरात दोघं. मग जनीकडे बघायला तिला दोन हात कुठून उरणार? कसाही विचार केला तरी जनीची सोय लागत नव्हती.

आवडाबाईच्या मुलाला, केतनला, यातलं काही माहीत नव्हतं. तो बोटीवर होता. बोट पाण्यात असताना घरची काळजी बोटीवर पाठवायची नाही, हा आवडाबाईच्या सासऱ्यापासूनचा नियम. काळजीतल्या माणसाचा दोरावरचा हात सुटतो, असं म्हातारा म्हणायचा. त्यामुळे नवऱ्याच्या वाट्याचा निर्णयही मनिषाला एकटीलाच घ्यायचा होता.

"करा," मनिषा म्हणाली.

कमळा नावाच्या नर्सनं जनीला बिस्किटाचा पुडा देऊन बाहेर बसवलं आणि आवडाबाईला आत घेतलं. भिंतीवर मुलगा की मुलगी सांगितलं जाणार नाही म्हणून पाटी होती. ते इथे कोणाला हवं होतं? मनिषाच्या पोटावर थंडगार तपकिरी औषध फासलं. पडद्यावर बाळ दिसलं. ते मूठ तोंडाशी नेत होतं. सुई इतकी लांब असेल असं आवडाबाईला वाटलं नव्हतं. ती पोटात शिरली तशी मनिषानं सासूचा हात असा दाबला की बांगडी मनगटात रुतली.

"हलू नका. श्वास घ्या," डॉक्टर म्हणाले.

आवडाबाई पडद्यावरच्या मुठीकडे बघत राहिली. सुईची टोकदार रेघ तिकडे जातेय की काय, असं तिला सारखं वाटत होतं. मग सिरिंजमध्ये पिवळसर पाणी चढलं, चार चमचे असेल, आणि सुई बाहेर आली. डॉक्टरांनी बाळाच्या काळजाचे ठोके ऐकवले. भरधाव चालले होते.

"दोन दिवस आराम. जड उचलायचं नाही. ताप आला, रक्त गेलं किंवा खालून पाणी गेल्यासारखं वाटलं, तर तडक इकडे यायचं," निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

बाहेर शेजारचा अकबर पिकअप घेऊन उभा होता. सकाळी बंदरावर बर्फ टाकून तो मुद्दाम इकडे वळला होता.

"मावशी, रिक्षात धक्के लागतील. माझ्या गाडीत बसा, हळू नेतो," तो म्हणाला.

मनिषा आणि आवडाबाई पुढे बसल्या. जनी मागे रिकाम्या क्रेटांत, ती तिची हौसेची जागा. अकबरनं खरंच गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. त्याचे आभार मानत तिघी घरी उतरल्या. आवडाबाईनं पेज टाकली आणि सुनेला खाटेवर आडवं केलं. थोड्या वेळानं मनिषा साडी बदलायला उठली आणि तशीच उभी राहिली.

"आई, मागनं सगळं ओलं झालंय."

आवडाबाईनं हात लावून पाहिलं. साडी, परकर, सगळं भिजलेलं. रक्त नव्हतं. पाणी होतं.

पुढे काय केलं ते तिला नीट आठवत नाही. पेज चुलीवर तशीच राहिली. रिक्षा मिळाली. मनिषा मागे टेकून डोळे मिटून बसली होती, दोन्ही हात ओटीपोटावर. जनी तिचा पदर धरून होती. आणि आवडाबाईच्या तोंडाला खळ नव्हता.

"ऱ्हाऊंदे रे देवा. ऱ्हाऊंदे. कसा पन असूंदे, जनीसारखा असूंदे, पन ऱ्हाऊंदे."

आपण हे मोठ्यानं बोलतोय, याचं तिला भान नव्हतं. मनिषानं डोळे उघडून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड बाहेर वळवलं.

दवाखान्यात कमळानं मनिषाला आत घेतलं, पडदा ओढला आणि लगेच बाहेर डोकावली.

"मावशी, तुम्ही आलात कशातून मघाशी?"

"अकबरच्या गाडीतनं. का गो?"

"हे अंगातलं पाणी नाही. बर्फाचं आहे. केवढा माशाचा वास येतोय साडीला!"

आवडाबाईनं पडद्याआड जाऊन मनिषाच्या साडीचा काठ नाकाशी नेला. तिला कसलाच वास आला नाही. मनिषानंही हुंगून पाहिलं, तिलाही नाही. मासे विकून विकून दोघींची नाकं केव्हाच मेली होती. अकबरनं पुढच्या सीटवर मासळीच्या बर्फाचा खोका ठेवला असणार, तो पाझरला असणार आणि वर त्यानं पोतं अंथरलं असणार. गाडीत मनिषाला गार लागलं होतं, पण ते पोटावरच्या औषधाचं गार असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. अंगातलं पाणी गरम असतं, एवढंही दोघींना सुचलं नव्हतं.

"तुमचंही लुगडं ओलं आहे मावशी," कमळा म्हणाली. "बाकावर बघा."

आवडाबाई मघाशी बसली होती तिथे बाकावर ओला डाग होता. पण तिचं लुगडं रोजच ओलं असायचं. कोरडं असतं तर तिला कळलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी तरीही तपासलं. पाणी गेलेलं नव्हतं. ठोके पुन्हा ऐकवले, तसेच भरधाव. मनिषा हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. कमळानं तिला कोरडा गाऊन दिला आणि थोडा वेळ बाहेर बसवलं. जनी शेजारच्या बाकावर बसून उरलेली बिस्किटं खात होती.

"आई," मनिषा म्हणाली, "मघाशी रिक्षात बोललात ता..."

"घाबरून बोलले गो."

"पन खरा बोललात."

आवडाबाई लुगड्याचा ओला काठ पिळत बसली.

"मी पन देवाला हात जोडत होते," मनिषा म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "नुसतं ऱ्हाऊंदे, ऱ्हाऊंदे म्हनत होते. कसा पन असूंदे, ता माझ्या तोंडातनं येईना. मी लय जोर केला, आई. नायच आला."

आवडाबाईला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिला पोरीची दया आली, आणि स्वतःचीही. जनी झाली तेव्हा सुईणीनं पोर कुशीत दिली तर आवडाबाईनं भिंतीकडे तोंड केलं होतं. दोन दिवस दूध पाजलं ते न बघता.

"माला तरी तवा कुठं आला होता?" ती म्हणाली. "आज आला. सत्तावीस वर्सांनी. तू लगीच कुठनं म्हननार?"

मनिषानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. जनीनं पुड्यातलं शेवटचं बिस्कीट मोडून अर्धं वहिनीला दिलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मुंबईहून रिपोर्ट यायचा होता. आवडाबाई जनीला घेऊन बंदरावर जायची आणि भाव सांगताना चुकायची. जनीचं काम वाटे लावायचं. कोळंबीचे वाटे ती मन लावून लावायची आणि प्रत्येक वाट्यात एक बारकी कोळंबी आठवणीनं घालायची. बारकी वेगळी काढून सुकटीत टाक, असं आवडाबाईनं तिला शंभरदा सांगून पाहिलं होतं. जनी मान हलवायची आणि परत तेच करायची.

घरी फोन वाजला की मनिषा हातातलं काम टाकायची. एकदा केतनचाच आला, बोट किनाऱ्याजवळ आल्यावर. "कशी हायस?" त्यानं विचारलं. "बरी हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडली.

मग एका दुपारी आवडाबाई सुरमई कापत होती, तर मनिषा बाजारात येताना दिसली. हळू चालत होती, एक हात पोटावर. आवडाबाईनं कोयता खाली ठेवला. तोंडावरून काही कळेना. ती अगदी जवळ आली तेव्हा कळलं.

"फोन आला, आई. सगळं नॉर्मल हाय. तसा काय नाय."

आवडाबाईला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली, कारण जनी दोन हात अंतरावर बसली होती.

पलीकडच्या फळीवर मासे विकणाऱ्या येसूबाईनं हात जोडले. दवाखान्याची गोष्ट बाजारात कुठून फुटली होती कोण जाणे.

"सुटलाव गो बाय! देवानं वाचवला. नायतर परत..."

"परत काय?" आवडाबाई तिच्याकडे वळली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज मूळ पट्टीत आला. "बोल ना येसू, परत काय?"

येसूबाई आपल्या फळीवरच्या बांगडा माशांवर पाणी शिंपडायला लागली.

जनी हातातली कोळंबी तशीच धरून मनिषाकडे बघत होती. "वैनी, बाळ माझ्यासारखा हाय?"

मनिषा तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसली. साडी भिजली, ती तिनं भिजू दिली.

"नाय गो जने."

"जरा पन नाय?"

"जरा पन नाय."

जनीचा खालचा ओठ पुढे आला. दवाखान्यातलं ते चित्र पाहिल्यापासून तिनं मनात काय धरलं होतं, ते आत्ता दोघींच्या लक्षात आलं. त्या रिपोर्टाचं सगळ्या घरात एकट्या जनीलाच वाईट वाटलं. तिनं दंडाला नाक पुसलं आणि खाली मान घालून पुन्हा वाटे लावायला घेतले.

मनिषा उठली नाही. तिथेच तिच्या शेजारी बसून राहिली.

एक गिऱ्हाईक थांबलं. चष्मेवाली बाई, हातात कापडी पिशवी. तिनं वाट्यांवरून नजर फिरवली.

"हा द्या. पण ही बारकी कशाला घातलीये त्यात? ती काढा आधी."

आवडाबाईनं बारकी उचलायला हात पुढे केला. सवयच होती ती, गिऱ्हाईक मोडायचं नाही. पण मनिषानं मधेच सासूचं मनगट धरलं.

"ती त्यातलीच हाय," ती बाईला म्हणाली. "घ्यायचा तर अख्खा वाटा घ्या."

बाईनं एकदा मनिषाकडे पाहिलं, एकदा जनीकडे. मग पिशवीचं तोंड उघडून धरलं, आणि जनीनं दोन्ही हातांनी वाटा त्यात ओतला.