डावा पाय

"हात लावू नका, साडूभाऊ. शनिवार हाय आज, लोखंडाला हात न्हाई." असं म्हणून रोहिदासनं गाडीच्या कव्हरचा कोपरा मात्र स्वतःच वर उचलला आणि आतलं राखाडी बोनेट दाखवलं. "नुसतं बघून घ्या."

ज्योतीरामनं बघून घेतलं. बघण्यासारखं त्याला त्यात नवीन काही नव्हतं. ती गाडी त्याला तोंडपाठ होती. चाकणच्या कंपनीत लाईनवरून तयार गाडी उतरली की तिच्यात सगळ्यांत आधी बसणाऱ्या आठ-दहा ड्रायव्हरांपैकी तो एक. गाडी चालू करायची, साडेचारशे मीटरवरच्या यार्डात पांढऱ्या पट्ट्यांमध्ये नेऊन लावायची, व्हॅनमधून परत यायचं आणि पुढची घ्यायची. शिफ्टला पन्नास गाड्या, सोळा वर्षं. रंगाला ओरखडा उठू नये म्हणून कमरेला पट्टा नाही, हातात घड्याळ नाही. नव्या सीटचा तो प्लॅस्टिकचा वास त्याच्या डोक्याच्या केसांत बसलेला होता. आणि घरी? घरी अकरा वर्षांची मोटारसायकल, तीही थंडीत दहा किका खाणारी.

ही राखाडी गाडीही बहुधा आपल्याच हाताखालून गेली असणार, असं त्याच्या मनात आलं. मग हिच्यात पहिला कोण बसला? मी बसलो!

आता आडपडदा कशाला ठेवायचा? ज्योतीरामच्या पोटात दुखत होतं. साधंसुधं नाही, चांगल्या कळा येत होत्या. परक्यानं गाडी घेतली असती तर त्यानं पेढा खाऊन हात झटकले असते. पण साडू! दोन सख्ख्या बहिणींचे नवरे म्हणजे एका तराजूची दोन पारडी. एक वर गेलं की दुसरं खाली गेलेलं सगळ्या गावाला दिसतं. बरं, हे स्थळ आणलं कुणी? ज्योतीरामनंच. भूम तालुक्यातून आलेला हा पोरगा त्याच्या मोशीतल्या एका खोलीत आठ महिने राहिला, सुमनच्या हातच्या भाकरी खाऊन कामाला गेला, आणि मग ज्योतीरामनंच सासूबाईंकडे शब्द टाकून धाकट्या मेहुणीची, जयमालाची गाठ त्याच्याशी घालून दिली. आज रोहिदासचं कुदळवाडीत वर्कशॉप होतं, लिफ्ट असलेल्या सोसायटीत फ्लॅट होता, आणि आता हे राखाडी प्रकरण. ज्योतीराम अजून त्याच खोलीच्या शेजारच्या दोन खोल्यांत होता.

"तुम्हाला म्हाईत असंल साडूभाऊ," रोहिदास म्हणाला. "मी आपला टेम्पोवाला. शोरूमच्या पोरानं कालच्याला इथं लावून दिली अन धा मिन्टांत सगळं बडबडून गेला. ह्या ऑटोमॅटिकचं काय असतं, जरा सांगा की नीट."

हे त्यानं मनापासून विचारलं होतं. ज्योतीरामच्या ते लक्षातही आलं. यार्डात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला तो तीन गोष्टी शिकवायचा, आणि त्या शिकवताना त्याचा आवाज मास्तरासारखा व्हायचा. तो घसा साफ करून सुरू करणार, तेवढ्यात सोसायटीचे हिंदुराव काका जिना उतरून आले. वयस्कर माणूस, सगळ्यांची विचारपूस करणारा.

"हे कोण पाहुणे?"

"आमचे थोरले साडू," रोहिदास हसत म्हणाला. "लई मोठे ड्रायव्हर! दिवसाला पन्नास नव्या कोऱ्या गाड्या चालवत्यात. फक्त कंपनीच्या भिंतीच्या आत. अन त्यातली एकबी घरला येत न्हाई!"

हिंदुराव काका हसले. रोहिदास हसला. ज्योतीरामसुद्धा हसला, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"हां, तर सांगा साडूभाऊ. काय काय ध्यानात ठेवायचं?"

"काही नाही," ज्योतीराम म्हणाला. "काय असतंय त्यात? गिअर डीवर टाकायचा अन जायचं. बायाबापड्या चालवतात."

"एवढंच?"

"एवढंच."

संध्याकाळी मोटारसायकलवर मागं बसलेल्या सुमननं विचारलं, "त्याला नीट शिकवलंत का हो? जयमाला म्हणत होती, तुमच्या भरवशावर आहेत ते."

"शिकवलं," ज्योतीराम म्हणाला.

खोटं बोलल्यावर माणूस गप्प बसतो, पण त्याचं डोकं बसत नाही. घरी येईपर्यंत त्याला स्वतःचीच गोष्ट आठवत राहिली. सात वर्षांपूर्वी यार्डात पहिल्यांदा ऑटोमॅटिक आली तेव्हाची. क्लच नाहीच, हे त्याला माहीत होतं. त्याच्या डाव्या पायाला माहीत नव्हतं. वळणावर तो पाय सवयीनं क्लच दाबायला गेला आणि रुंद ब्रेकवर आदळला. गाडी जागच्या जागी थांबली, मागची येऊन धडकली. ज्योतीरामला तीन दिवस घरी बसवलं होतं. तेव्हापासून गाडीत बसला की तो आधी डावा पाय मागं घेऊन सीटला टेकवायचा आणि नव्या पोरांनाही तेच पहिल्यांदा सांगायचा. रोहिदास बारा वर्षं टेम्पो चालवत होता. त्याचा डावा पाय तर क्लचवरच वाढलेला.

फोन करावा का? हातात घेतलाही त्यानं. मग 'एकबी घरला येत न्हाई' हे शब्द पुन्हा कानात वाजले. एखादा खांब घासू दे, त्यानं मनात म्हटलं. बंपरला एक चांगला ओरखडा पडू दे. मग येईल विचारायला. त्यानं फोन चार्जिंगला लावला आणि जेवायला बसला.

रविवारी सकाळी थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मोशीच्या मोकळ्या रानावरचा वारा थेट पार्किंगमध्ये शिरत होता. सव्वाआठच्या मुहूर्ताला चाक हललं पाहिजे, असं गुरुजींनी फोनवर सांगितलेलं. दोन रात्री उघड्यावर काढलेल्या गाडीच्या काचा कव्हरखालीही दवानं पांढऱ्या झाल्या होत्या. जयमालानं फडक्यानं त्या पुसल्या, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. ड्रायव्हरच्या पलीकडचं दार उघडून ती डॅशबोर्डवरच्या गणपतीला हळदकुंकू लावून आली आणि दार तसंच उघडं राहिलं. तिची मुलगी मोनिका मोबाईल घेऊन फोटोसाठी जागा शोधत होती. ओवाळण्याचा मान सासूबाईंचा, छबूबाईंचा. त्या गावाहून मुद्दाम आलेल्या. गुडघे गेलेले, तरी हातात आरतीचं ताट घेऊन त्या हळूहळू गाडीच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

ज्योतीराम सगळ्यांच्या मागं, गाडीच्या पाठीशी उभा होता. फोटोत यायचं नव्हतं त्याला.

रोहिदास आत बसला. इंजिन चालू झालं आणि घूं करून चढलं. थंड इंजिन सुरुवातीला असंच चढतं. इंजिनच्या फेऱ्यांची सुई खाली येईपर्यंत मिनिट-दीड मिनिट गाडी 'पी'वरच, म्हणजे पार्किंगवरच ठेवायची असते, कारण तोवर डी टाकलं तर गाडी नेहमीपेक्षा जोरात पुढं ओढते. ही ज्योतीरामची दुसरी गोष्ट. आणि तिसरी अशी, की पुढं माणूस उभा असला तर हँडब्रेक खाली घ्यायचा नाही म्हणजे नाही. रोहिदासनं हँडब्रेक खाली घेतल्याचा आवाज आला. मागचे लाल दिवे लागलेले होते, म्हणजे पाय ब्रेकवर होता. गाडी किंचित दबकली. डी पडलं.

"आई, ओवाळ लवकर! आठ चौदा झाले!" जयमाला आईला म्हणाली.

"पप्पा, इकडं बघा! बाहेर बघा ना!" मोनिका ओरडली.

रोहिदासनं खिडकीतून मान आणि अर्धा खांदा बाहेर काढला, हसला. आणि ज्योतीरामनं ते पाहिलं, जे तिथं एकट्या त्यालाच दिसत होतं. लाल दिवे विझले.

त्याला सगळं एका क्षणात कळलं. ब्रेकवर डावा पाय होता. टेम्पोवाला क्लच सोडतो तसा तो हळूच सुटला होता, आणि डीवर ब्रेक सुटला की गाडी आपोआप पुढं सरकते. ओरडावं, तर हा दचकून टेम्पोतल्यासारखे दोन्ही पाय मारणार, आणि उजवा कशावर पडेल ते देवालाच ठाऊक. पुढच्या लिंबाचा चर्र आवाज झाला. ज्योतीराम ओरडला नाही. तो पळाला. उघड्या दारातून त्यानं अर्धं अंग आत टाकलं, एका हातानं हँडब्रेक होता तेवढा वर ओढला आणि दुसऱ्या हातानं गिअरची दांडी एनवर, न्यूट्रलला ढकलली. गाडीनं हिसका खाल्ला. पुढं ताट खणकन वाजलं. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मान वर केली तेव्हा छबूबाई उभ्या होत्या. बोनेटवर कुंकू सांडलं होतं, निरांजन विझून खाली पडलं होतं. बंपर त्यांच्या नऊवारीला टेकलेला होता.

कुणालाच काही समजलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की मुहूर्तावर गाडी हलली आणि थोरल्या जावयानं मधे घुसून ती बंद पाडली.

"दाजी!" जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुहूर्तावर हँडब्रेक? विझलं ना निरांजन! काय केलंत हे?"

रोहिदासचा चेहरा लालबुंद झाला होता. "सोसवलं न्हाई ना, साडूभाऊ? कालपासनं बघतोय मी तुमचं तोंड. जळता तुम्ही माझ्यावर!"

हिंदुराव काका मधे पडले, "अरे, शुभ दिवशी असं बोलू नये." पण त्यांनीही ज्योतीरामकडे बघायचं टाळलं. त्यानं सुमनकडे पाहिलं. ती खाली बघत पदराशी चाळा करत होती. बायकोसुद्धा तेच समजली होती, आणि ते त्याला रोहिदासच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

काय सांगायचं? जळत नव्हतो म्हणून? जळत तर होताच तो. रोहिदासनं खोटं काहीच म्हटलं नव्हतं. 'तुझी सासू चिरडली असती' असं म्हणावं, तर पुढचा प्रश्न आलाच असता: मग काल का नाही सांगितलं?

"उतरू नको," ज्योतीराम म्हणाला. त्याचा आवाज यार्डातला निघाला. "तसाच बस. डावा पाय मागं घे. आणखी मागं, सीटला लाव. आता त्याला इसर, तो पाय तुला न्हाईच. दोन्ही कामं उजव्यानं करायची. कर चालू. आता सुईकडं बघ. थंडीत ती वर जाती, खाली येस्तोवर डी टाकायचं न्हाई. अन पुढं माणूस असला की हँडब्रेक वर. माणूस बाजूला झाला, तू डोळ्यांनी बघितलं, मगच खाली. परत सांग मला."

"मला म्हाईतंय सगळं."

"परत सांग."

रोहिदास त्याच्याकडे बघत राहिला. बहुतेक काहीतरी आता त्याच्या ध्यानात येत होतं. त्यानं तिन्ही गोष्टी तोंडातल्या तोंडात म्हणून दाखवल्या. सुई खाली आली. निरांजन पुन्हा लावलं, ओवाळणं झालं. देवळात जायला निघायचं ठरलं. रोहिदास, जयमाला, मोनिका आणि सुमन बसले. ज्योतीरामला चला असं कुणी म्हटलं नाही.

"आई, बस ना पुढं," जयमाला म्हणाली.

"न्हाई गं," छबूबाई म्हणाल्या. "मला त्या बंद काचंत मळमळतंय. मी थोरल्या जावयासंगं येते मागनं."

गाडी गेटपाशी पोचली. वॉचमन आडवा आला तसे लाल दिवे लागले, आणि तो बाजूला होईपर्यंत लागलेलेच राहिले. ते बघून झाल्यावर ज्योतीरामनं आपल्या मोटारसायकलला किक मारली. सातव्या किकला ती चालू झाली. छबूबाई एका अंगानं मागं बसल्या आणि त्यांनी त्याच्या खांद्याला धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

"मामी, गुडघ्याला लागलं का?"

"टेकलं नुसतं." त्या त्याच्या कानाशी वाकल्या. "बाकीच्यांला दिसलं न्हाई. मला दिसलं. गाडी अंगावर येत व्हती. लई येळंवर आलात बघा, जावईबापू."

ज्योतीरामला हो म्हणता आलं असतं. दोन दिवसांत त्याला कुणी बोललेलं तेवढंच एक चांगलं वाक्य होतं ते.

"न्हाई मामी," तो म्हणाला. "कालच यायला पाहिजे होतं. त्यानं इचारलं व्हतं मला. मी मुद्दाम सांगितलं न्हाई."

म्हातारी आता उतरते की काय, असं त्याला वाटलं. तो वाट बघत थांबला. खांद्यावरचा हात निघाला, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि पुन्हा येऊन तिथंच बसला.

"हळू चालवा," छबूबाई म्हणाल्या. "गार लागतंय."