आधी दोन घास

नवरा गेलेल्या कुणा बाईने लिहिलं होतं, ‘घर खायला उठतं.’ चॅटबॉटने तिला छंद जोपासण्याचे पाच उपाय सुचवले होते. मंजूषाने कपाळावर हात मारला आणि ते उत्तर नापास केलं.

भोपाळच्या त्या ऑफिसात तिचं काम हेच. लोकांनी मराठी चॅटबॉटशी मारलेल्या गप्पा वाचायच्या, टाकाऊ त्या गाळायच्या, आणि उत्तर कोरडं वाटलं तर माणसासारखं नवं लिहून द्यायचं. त्यावरून ते यंत्र शिकणार. नावंगावं आधीच पुसलेली असत. दुःख कुणाचं ते कळायचं नाही, पण डोकं मात्र भणभणून जायचं.

साहेब गौरांग वयाने तिच्या निम्मा. तो खुर्चीमागे येऊन म्हणाला, “मंजूषाताई, तुमची वो ‘दोन घास’ वाली लाइन एकदम हिट आहे. नव्या व्हर्जनमध्ये टाकली ना, तेव्हापासून लोक जास्त वेळ बोलत बसतात.”

ओळ तिची नव्हतीच, आईची होती. कारखान्यात कुणाशी वाजलं आणि बाबा घुश्श्यात घरी आले की सुमित्राबाई कारण विचारत नसत. म्हणत, ‘जेवलात का? आधी दोन घास खाऊन घ्या, मग निवांत बोलू.’ आई गेली त्याच वर्षी मंजूषाने ते कुणा परक्याच्या उत्तरात लिहून टाकलं होतं. कौतुक झालं तेव्हा ती दिवसभर हवेत होती.

संध्याकाळी अयोध्या नगरला घरी पोचेपर्यंत तिच्यात तोंड उघडायचं त्राण उरलं नव्हतं. तिने खिचडी टाकली, ताट बाबांपुढे, अच्युतरावांपुढे ठेवलं आणि आत जाऊन पडली. आई गेल्यापासून हे असंच. बाबा काही बोलायला आले की ती ‘उद्या बोलू’ म्हणायची. हळूहळू ते यायचे थांबले. खरं सांगायचं तर तिला ते सोयीचंच वाटलं होतं.

बाहेर ते कुणाशी तरी बोलत होते. गुडघ्याचं सांगून झालं, शेजारच्या प्रभाकररावांचं झालं. मग म्हणाले, आज सुमित्राचा वाढदिवस, घरात कुणाच्या लक्षातही नाही.

मंजूषा ताडकन उठली. ती बाहेर आली. तांब्याला टेकवलेल्या फोनमधून एक गोड आवाज म्हणत होता, “जेवलात का? आधी दोन घास खाऊन घ्या, मग निवांत बोलू.” आणि अच्युतरावांनी, इतका वेळ ताटाला न लावलेला हात, ताटाला लावला.

“बाबा, अहो, यंत्र आहे ते.”

“असू दे. तुझ्या आईसारखं विचारतं.”

तिला राहवलं नाही. “ते मी लिहिलंय, बाबा. आईचं आठवून.”

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे येत होतं तुला,” ते म्हणाले. “मग मला का नाही कधी विचारलंस?”

ती त्यांच्यासमोर बसली. आता तरी ‘जेवलात का?’ म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण ते शब्द तिला त्या फोनच्याच आवाजात ऐकू येऊ लागले. अच्युतरावांनी थोडी वाट पाहिली, मग फोन जरा जवळ ओढून घेतला. ताटातली खिचडी निवत होती.